पूर्वजांचा शोध घेण्याआधी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वडिलांच्या कागदपत्रांत सापडलेली वंशावळ पणजोबांपाशी थांबते, त्यापलीकडचे जनुकीय चाचणीतून कळेल का, असे तू विचारले आहेस. मी ती चाचणी दोन वर्षांपूर्वी केली. पण ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे समजून न घेताच मी नळीत थुंकून मोकळा झालो होतो. तुझे तसे होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या जनुकसंचात, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएत, सुमारे 300 कोटी रासायनिक अक्षरे असतात. ही चाचणी त्यांपैकी साधारण सहा-सात लाख अशा जागा वाचते, जिथे माणसामाणसांत फरक आढळतो, आणि तुझा नमुना निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहते. हे लोक बहुतेक आजचे, जिवंत असतात. त्यामुळे अहवालात एखाद्या प्रदेशापुढे 40 टक्के लिहिलेले असले, तरी तुझे 40 टक्के पूर्वज तिथे राहत होते असा त्याचा अर्थ होत नाही. तुझ्या डीएनएचे तेवढे तुकडे तिथल्या आजच्या लोकांशी अधिक जुळतात, एवढेच ते सांगते. माझ्या पहिल्या अहवालात असलेला एक अख्खा प्रदेश कंपनीने तुलनेचे नमुने वाढवल्यावर पुढच्या वर्षी नाहीसाच झाला. लाळ तीच होती आणि पूर्वजही तेच होते, पण तोवर त्या प्रदेशाबद्दल मी चार ठिकाणी मोठ्या अभिमानाने बोलून चुकलो होतो.

पणजोबांच्या वरच्या पुरुषांसाठी वाय गुणसूत्राची, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या डीएनएच्या गुंडाळीची, स्वतंत्र चाचणी असते, कारण ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. तसाच मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, वेगळा डीएनए आईकडून सर्व मुलांकडे जातो, परंतु पुढे तो फक्त मुलीच नेतात. या दोन वाटा स्पष्ट असल्या तरी फार अरुंद आहेत. दहा पिढ्या मागे गेलास तर वंशावळीत 1024 जागा येतात आणि या दोन चाचण्या त्यांतल्या दोघांविषयीच बोलतात. उरलेल्यांचा डीएनए दर पिढीत निम्मा गळत, मिसळत आलेला असतो; म्हणूनच सख्ख्या भावंडांचे अहवालही वेगळे निघतात, आणि इतक्या मागच्या कित्येक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ते पूर्वज खरेच होऊन गेले, पण चाचणीला ते दिसणे शक्य नाही.

या दोन वाटा कुठे नेतात ते इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या बाबतीत दिसले. तो 1485 मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याचा सांगाडा 2012 मध्ये लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला. त्याच्या बहिणीपासून मुलींमार्फत चालत आलेल्या वंशजांशी त्याचा मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळला आणि ओळख पटायला मोठा आधार मिळाला. पुरुषवंशातल्या नातलगांशी मात्र वाय गुणसूत्र जुळले नाही. मधल्या कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. राजघराण्याला पाचशे वर्षांनी असे कळले तर त्याचा इतिहास होतो. तुमच्या घरात ते तुझ्या आत्याच्या हयातीत कळले, तर काय होईल याचा आधी विचार कर.

कारण तुझा नमुना तुझ्या एकट्याचा नाही. कॅलिफोर्नियातल्या जुन्या खुनांचा आरोपी 2018 मध्ये पकडला गेला, तेव्हा त्याने स्वतः चाचणी केलेली नव्हती; त्याच्या दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. अशा चाचण्या करणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे 14 हजार खाती 2023 मध्ये फोडली गेली, परंतु नातलग शोधण्याच्या सोयीमुळे जवळपास 69 लाख लोकांची माहिती त्यांतून बाहेर गेली. पुढे 2025 मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि साठवलेले नमुने कोणाच्या हाती जाणार असा प्रश्न उभा राहिला.

तरीही चाचणी करू नकोस असे मी म्हणणार नाही. माझ्या अहवालातले टक्के मी आता विसरलो आहे, पण त्याच चाचणीमुळे माझ्या आजीच्या भावाची नात सापडली आणि तिच्याकडे आमच्याकडे नसलेली तीन नावे होती. जवळच्या नात्यांच्या बाबतीत हे तंत्र खरोखर विश्वासार्ह आहे. तुझ्या आत्याची तयारी असेल तर तिचाच नमुना आधी दे. ती तुझ्या आजोबा-आजींच्या एक पिढी जवळ आहे, तेव्हा त्यांचा तुझ्यापर्यंत न पोहोचलेला डीएनएही तिच्यात असणार. वाय गुणसूत्रासाठी मात्र तुझाच नमुना लागेल. आत्याला काय निघू शकते ते सगळे आधी सांग, आणि ती नको म्हणाली तर आग्रह धरू नकोस. ती काय म्हणते ते मला कळव.

तुझा,
विनायक