तात्या, इंजिन न उघडल्याबद्दल आभार

वाई, जि. सातारा

ती. तात्यांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय. हातात दिलं असतं तर तुम्ही घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि "बरं, गाडी कशी हाय?" एवढंच विचारलं असतं. पैशांचं पाकीट तुम्ही दोनदा परत पाठवलंत. मग तुम्ही काय केलंत ते नीट लिहून ठेवावं, एवढंच आमच्या हातात उरतं. पाचगणी-भिलारची फळं पिकअपमधून खाली आणणारी कितीतरी घरं आहेत, आणि त्यातल्या एखाद्या घरात आज रात्रीही इंजिन बांधायच्या पैशांची जुळवाजुळव चालली असेल.

आमच्याकडे ती फेब्रुवारीत चालली होती. स्ट्रॉबेरीचा ऐन हंगाम. गाडी 2009 सालची, टर्बो डिझेल, 2 लाख 80 हजार किलोमीटर झालेली. आठवड्याला लिटरभर ऑइल जायला लागलं, मग दीड लिटर. पसरणीचा घाट उतरून वाईत शिरताना मागचे दुचाकीवाले हात करून सांगायचे, धूर निघतोय. आम्ही गाडी गॅरेजला दाखवली. त्यांनी सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, निळा धूर बघितला आणि सांगून टाकलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बांधावं लागेल, 70 हजार धरा, बारा दिवस गाडी मिळणार नाही. सकाळी तोडलेलं फळ त्याच दिवशी पुण्याच्या वाटेला लागलं पाहिजे. असल्या मालाला बारा दिवस म्हणजे हंगाम संपल्यातच जमा. माझ्या पाटल्या गहाण टाकायचं ठरलंसुद्धा होतं. मामंजी म्हणाले, "एकदा तात्यांना दाखवा. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेलाय त्यांचा."

तुम्ही आलात, बॉनेट उघडलंत आणि हात मागे बांधून बराच वेळ नुसते बघत उभे राहिलात. मग विचारलंत, "किती किलोमीटरला किती ऑइल?" आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. "आठवड्याला म्हंजे माप न्हाय," तुम्ही म्हणालात. "एका आठवड्यात गाडी चारशे फिरती, दुसऱ्यात हजार." आणि मला वही घालायला सांगितलंत. यांना नाही, मला. घरातला हिशेब मी ठेवते हे तुम्ही तेवढ्यात ओळखलं होतंत.

पहिली चूक ऑइल मोजायची पट्टी बघण्यातच निघाली. हे घाटाच्या पायथ्याशी, उतारावर, गाडी बंद केल्या केल्या पट्टी ओढायचे. तेव्हा अर्धं ऑइल अजून वरच्या भागातच असतं, खाली उतरलेलं नसतं. पट्टी कमी दाखवते आणि माणूस ओततो. तुम्ही आमच्या दारातल्या कोब्यावर खडूनं चाकांच्या खुणा केल्यात: रोज पहाटे, गाडी चालू करायच्या आधी, याच जागेवर, पट्टी पुसून दुसऱ्यांदा घालून बघायची. पहिल्याच सकाळी कळलं की ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, त्याला फेस येतो आणि ते वाट मिळेल तिकडून बाहेर पडतं. म्हणजे आम्ही ओतत होतो त्यातलं काही आमच्या ओतण्यामुळंच जात होतं.

मग गळती. खालून इंजिन धुऊन घेतलंत आणि रात्री गाडीखाली स्ट्रॉबेरीच्या खोक्याचे पुठ्ठे अंथरायला लावलेत. सकाळी पुठ्ठ्यावर चार डाग, रुपयाएवढे. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग ओलं होतं, पण चार डागांत लिटर जात नाही. पाण्याची पातळी जागची हलली नव्हती, ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणून हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगचा, संशय तुम्ही तिथंच सोडलात.

त्यानंतर तुम्ही यांच्या शेजारी बसून घाट चढून-उतरून आलात. पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरची चढण, मागं वजन भरलेलं, आणि आरशात धूर नाही. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून आलात तेव्हाही नाही. खाली सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला आणि निळा लोट निघाला. "रिंगा गेल्या असत्या तर चढालाच ओरडली असती," तुम्ही म्हणालात. यांनाही मग आठवलं की पुण्याहून परतताना खंबाटकी चढतानाही कधी धूर दिसला नव्हता.

तरी तुम्ही निकाल दिला नाहीत. आठ दिवसांनी वही मागितलीत. तारीख, किलोमीटर, पट्टी, ओतलेलं ऑइल, असे चार रकाने होते. कडेला मी सहज लिहून ठेवलं होतं: "पट्टी वर आली होती, दाबली." एकदा नाही, तीनदा. मला वाटलं होतं, हे नीट बसवत नाहीत. तुमचं बोट त्या ओळीवर थांबलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत लावलात आणि म्हणालात, "पोरी, ही पट्टी कुणी उचललेली न्हाय. आतनं ढकलली गेलीय." ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी घाट उतरून थेट तुमच्या दारात आणायला सांगितलीत, चालूच ठेवून. गरम इंजिनावर ऑइलचं झाकण हळूच सैल केलंत. कुकरची शिट्टी उचलल्यावर निघते तशी फुस्स हवा निघाली आणि मग शांत झाली. झाकण उलटं करून तोंडावर ठेवलंत, तर ते जागचं हललं नाही. तुम्ही मला वाकून बघायला लावलंत. रिंगा खरोखर गेल्या असत्या तर हवा फुसफुसत येतच राहिली असती आणि झाकण नाचलं असतं. इथं हवा येत होती थोडीच, पण तिला जायला वाट नव्हती.

वाट अडली होती ती ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनात कोंडणारी हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपात. मागे कुठंतरी कुणीतरी मूळ पाइपाच्या जागी साधा रबरी नळ घातला होता. ऑइलनं तो आतून फुगून मऊ झालेला. थंड असताना बघितला तर ठीक दिसायचा. गरम झाला की वळणावर चपटा होऊन मिटायचा. तुम्ही तो काढून दोन बोटांत दाबून दाखवलात, आतून काळा चिकट थर निघाला. एअर फिल्टर तर मातीनं इतका भरला होता की झटकल्यावर तुमच्या पायांवर ढीग पडला.

तुमच्या अंगणात बसून तुम्ही जे समजावलंत ते मी रात्री घरी येऊन वहीत उतरवलं. पिस्टनच्या कडेनं थोडी हवा चांगल्या इंजिनातही खाली चेंबरमध्ये उतरतेच, ती ब्रीदरमधून बाहेर पडते. ती कोंडली की चेंबरमध्ये दाब वाढतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्याला पाजलेलं ऑइल स्वतःच्या वजनानं खाली चेंबरमध्ये परत येत असतं. खालून दाब आला की ते वरच अडतं. टर्बोच्या आत रबरी सील नसतं, बारीक लोखंडी रिंग असते, ती तुंबलेलं ऑइल धरू शकत नाही. चढाला टर्बोची हवाच ऑइलला मागे रेटते. उताराला पाय उचलला की तो दाब जातो, ऑइल हवेच्या वाटेत पाझरतं, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साठतं. सपाटीला ॲक्सिलरेटर दाबला की साठलेलं सगळं एकदम जळतं. एअर फिल्टर तुंबल्यानं टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून तीही ऑइल खेचत होती, ते वेगळंच.

इंटरकूलरचा खालचा पाइप तुम्ही सोडवलात तेव्हा तसराळ्यात जवळजवळ पाव लिटर काळं ऑइल जमलं. ते बघून तुमचा चेहरा बदलला. असं साठलेलं ऑइल एकदम आत ओढलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं, चावी फिरवली तरी बंद होत नाही, कारण ते डिझेलवर चाललेलंच नसतं. तसं झालं तर मोठा गिअर टाकायचा, ब्रेक पुरा दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, हे तुम्ही यांच्याकडून तीनदा वदवून घेतलंत. घाटात तसं झालं असतं तर, हा विचार मी आजही मनात आणत नाही. इंजिन बांधूनही तो मऊ नळ तसाच राहिला असता, हे मात्र येतं.

शेवटी, खात्री म्हणून, तुम्ही नोझल काढून गेज लावलंत. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, एकमेकांना धरून निघालं. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून परत बघू का, असं तुमच्या हाताखालच्या पोरानं विचारलं तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत: ते पेट्रोलला ठीक, डिझेलला पिस्टनच्या वर जागाच एवढी कमी असते की आकडा खोटा वाढतो आणि जास्त ओतलं तर इंजिन अडकून मोडतं. शिकवताना तुमचा आवाज कधी चढला नाही, हे मला फार आवडलं.

खर्च झाला तो नवा ब्रीदर पाइप, एअर फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ऑइलचा. तीन हजारांच्या आत. गाडी एक दिवस उभी राहिली. पाटल्या माझ्या हातातच आहेत.

वहीतलं तुम्हाला कळवते. तुम्ही हात लावायच्या आधी 620 किलोमीटरला एक लिटर पडत होतं. आता कालच्या पहाटे, त्याच खडूच्या खुणांवर, वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरल्यापासून 2,100 किलोमीटर झाल्यावर पट्टी दोन खुणांच्या मध्यावर आहे. दोन खुणांमधलं अंतर एक लिटर, ते तुम्हीच मापून दाखवलं होतंत. पट्टी एकदाही वर आलेली नाही. फिल्टर महिन्याला उघडून बघते, मी स्वतः.

पुढच्या आठवड्यात पहिली फळं उतरतील. पहिला ट्रे तुमच्या घरी येईल. तेवढा परत पाठवू नका.

तुमची,
पिकअपवाल्यांची सून