साठीला टेकलेल्या मित्रास पत्र

वडगाव शेरी, पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. दुकान बंद केल्याची हकिकत तू चार ओळींत उरकलीस आणि पुढची दोन पाने मला प्रश्न विचारण्यात घालवलीस, यावरूनच तुझ्या मनाची अवस्था माझ्या लक्षात आली. तुझा मुख्य प्रश्न असा की, ज्याच्या डोक्यावर देणी आहेत आणि ज्याचे वय साठीला टेकले आहे, त्याच्यापुढे कोणी ‘नवे जीवन’ म्हटले तर त्याने हसावे की रडावे? दुसरा प्रश्न जरा खोचक आहे. मी तर जन्माने ख्रिस्ती, आजोबांपासून आमच्या घरात उपासना चालत आलेली, मग मला या वयात नव्याने काय सापडले, असे तू विचारतोस. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

जन्माने ख्रिस्ती असणे म्हणजे काय, ते तू आमच्या घरी राहून पाहिले आहेस. नाताळच्या करंज्या, रविवारी इस्त्रीचे कपडे, भिंतीवर वचनांची दिनदर्शिका आणि लग्नात पाळकांचा लांबत जाणारा उपदेश. यातले काहीच खोटे नव्हते. पण माणूस या साऱ्यात आयुष्यभर वावरूनही आतून जसाच्या तसा राहू शकतो. हे माझ्याआधी फार मोठ्या माणसांनी कबूल केले आहे. पंडिता रमाबाईंचेच पाहा. दुष्काळात आईवडील गेले, नंतर भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्या विदुषीने, एवढा विरोध पत्करून घेतलेला निर्णय; तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी वर्षे जावी लागली. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव सगळे घेतात, या कबुलीची आठवण मात्र आमच्या मंडळींतही फारशी कोणी काढत नाही. ती काढली तर आमच्यातल्या पुष्कळांची पंचाईत होईल.

माझी पंचाईत प्रभूच्या प्रार्थनेत होत असे. वडिलांच्या घराचा व्यवहार धाकट्या भावाने मला न विचारता उरकला, हे तुला ठाऊक आहे. त्यानंतर मी एक फाइल तयार केली होती. तीत मृत्युपत्राची झेरॉक्स, उतारे, वकिलाने करून दिलेला नोटिशीचा मसुदा आणि भावाने कधीकाळी पाठवलेल्या दोन पत्रांवर मी लाल पेनाने मारलेल्या रेघा होत्या. ही फाइल कपाटात बायबलच्याच खणात असे. रविवारी सगळी मंडळी उभी राहून प्रार्थना म्हणू लागली, की ‘आपल्या ऋण्यांना जसे आम्ही ऋण सोडले आहे तसे आमचेही सोड’ या वाक्याशी मी गप्प होत असे आणि पुढच्या वाक्याला पुन्हा आवाज मिळवत असे. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीला ते कळत होते. ती बोलली मात्र कधीच नाही.

आमच्याकडे बुधवारी घरोघरी बायबलचा अभ्यास असतो, पंधरा-वीस माणसे, चहा आणि खारी. एका बुधवारी लूकच्या शुभवर्तमानातला एकोणिसावा अध्याय निघाला. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याची गोष्ट आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत हातवारे करून गात होतो. ठेंगणा माणूस, झाडावर चढला, येशूने त्याला नावाने हाक मारली, एवढीच मला येत होती. त्या दिवशी मला क्रम दिसला. येशू त्याला आधी हिशेब मागत नाही. भर रस्त्यात, लोकांची कुरकुर ओढवून घेत, ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे म्हणतो. आणि त्यानंतर जक्कय आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करायला निघतो. जन्मभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेल्या मला हे उलटे वाटले. आधी वसुली, मग बेबाकी, म्हणजे खाते चुकते, हा आमचा रिवाज. इथे बेबाकी आधी होती, आणि देण्याची ताकद तिच्यातून आली होती. माझे स्वतःचे खाते असे कोणीतरी आधीच मिटवले आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते खरे मानले तर ती फाइल कोणत्या तोंडाने जपायची, हा प्रश्न त्या रात्री सुटेना.

मी भावाला फोन केला. बोलणे फार झाले नाही. तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने माझ्या साखरेची चौकशी केली. घर विकले ते विकलेच, माझ्या वाट्याचे पैसेही आलेले नाहीत, आणि कधी कधी मध्यरात्री तोच जुना संताप उसळतो. पण पुढच्या रविवारी ते वाक्य मी मोठ्याने म्हटले आणि आजही म्हणतो. तू ज्याला ‘नव्याने काय सापडले’ म्हणतोस, ते एवढेच आहे.

साक्षीच्या सभांत लोक उभे राहून सांगतात की विश्वास ठेवला आणि कर्ज फिटले, नोकरी लागली. असेल, पण मला त्या साक्षी ऐकवत नाहीत, आणि तुला मी तसे काही सांगणार नाही. तुझी देणी उद्या सकाळीही असतील. मात्र आज तू घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी मागच्या गल्लीने घरी येतोस, हे तूच लिहिले आहेस. देणी फिटली की मान वर करीन, असे तू धरून बसला आहेस, आणि त्यामुळे देणी फेडण्याचे बळच तुझ्यात उरत नाही. मान आधी वर होऊ शकते, कारण ती वर करणारा आपल्या हिशेबाची वाट पाहत थांबत नाही, एवढे मी ठामपणे सांगू शकतो. मग वही घेऊन बस, दुकानातल्या पोरांचा थकलेला पगार आणि हमालांची मजुरी सगळ्यांत वर लिही, बँक त्याखाली. बँकेला थांबवता येते, हातावर पोट असलेल्याला येत नाही.

धर्म बदल, असे मी सुचवतो आहे का, ही तुझी शंका पत्रात दोनदा आली आहे. तुझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. ती सोडून ये, असे मी कधीच म्हणणार नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळकही आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि नंतरही अभंगच लिहीत राहिले. तू कोठवर यायचे ते तुझे आणि देवाचे. मी फक्त एवढे मागतो, की लूकचे शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाच. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करू नकोस. नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, पोहोचताच तू पुस्तक मिटशील, मी तुला ओळखतो.

वही झाली की चार दिवस सवड काढून इकडे ये. पहिल्या दिवशी तुझी वही पाहू, आकडेमोड माझ्यावर सोड. मग एक दिवस सोलापूरच्या बाजूची गाडी धरून केडगावला जाऊन येऊ, आणि रविवारी वाटले तर माझ्यासोबत आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बस, नाही तर घरी वर्तमानपत्र वाच. वहिनींनाही आण, हिने तसे बजावून लिहायला सांगितले आहे. येण्याची तारीख कळव.

तुझा,
जुना खोलीसोबती