बेटांवरची झाडे ही फुकटची देणगी नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा लेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. पण तिथे निसर्गानेच सगळे दिले आहे, माणसाला फारसे काही करावे लागत नाही, असा जो त्याचा सूर आहे तो मला अजिबात पटला नाही. व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत माझी नोकरी झाली. सुवा, आपिया, तारावा, होनोलुलू या बंदरांत जहाज लागले आणि पाळी संपली, की मी गावात जाऊन झाडे पाहत असे आणि त्या झाडांखाली बसलेल्या माणसांशी बोलत असे. त्या आधारावर हे लिहितो आहे.

नीरफणसाचेच घ्या, इंग्रजीत ज्याला ब्रेडफ्रूट म्हणतात त्याचे. पॉलिनेशियातल्या, म्हणजे हवाई, ताहिती, सामोआ या बेटांच्या पट्ट्यातल्या बहुतेक नीरफणसांना बीच नसते. बी असलेला त्यांचा रानटी पूर्वज न्यू गिनीकडचा. बिनबियांचे झाड लाटांबरोबर वाहत येत नाही, पक्ष्याच्या पोटातूनही येत नाही. मुळांना फुटलेले कोंब काढायचे, ते ओले राहतील असे गुंडाळायचे, खारे पाणी लागू न देता उलांडीच्या (तोल राखायला बाजूला ओंडका जोडलेल्या) होडीतून कित्येक दिवस न्यायचे आणि नव्या बेटावर लावायचे, एवढे कुणीतरी केले तेव्हाच ते झाड तिथे उभे राहिले. तिथल्या प्रत्येक बिनबियांच्या नीरफणसामागे माणसाचा हात आहे.

लावून काम संपत नाही. हंगामात फळे एकदम तयार होतात आणि झाडावरून उतरली की दोन-चार दिवसांत मऊ पडतात. म्हणून सामोआत आणि मार्केसस बेटांवर जमिनीत खड्डे खणून, आतून पाने लावून त्यांत फळांचा गर आंबवायला ठेवत. नीट झाकलेला हा साठा वर्षानुवर्षे टिकतो. वादळाने बागा आडव्या झाल्या, की गाव त्यावर जगत असे. याच झाडाचा चीक होडीच्या फटी बुजवायला आणि हलके लाकूड होड्या करायला वापरतात.

'फुकटचे अन्न' ही समजूत आली तरी कुठून? ती बेटावरच्या लोकांची नव्हे. कॅरिबियनमधल्या ऊसमळ्यांच्या मालकांना गुलामांसाठी स्वस्त अन्न हवे होते, म्हणून ब्रिटिश सरकारने 1787 मध्ये कॅप्टन ब्लायला 'बाउंटी' जहाज देऊन ताहितीला रोपे आणायला धाडले. एप्रिल 1789 मध्ये जहाजावर बंड झाले आणि हजारावर रोपे समुद्रात फेकली गेली. ब्लाय पुन्हा गेला आणि 1793 मध्ये त्याने सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला रोपे पोहोचवली. ज्यांच्यासाठी ती आणली त्या गुलामांनी हे फळ बराच काळ आपलेसे केले नाही. आज त्याच बेटांवर ते आवडीने खातात, हा पुढच्या पिढ्यांचा निर्णय. बेटावरच्या झाडाला 'आयती भाकरी' म्हणताना हा इतिहास डोळ्यांसमोर असावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागदी तुतीची कथाही अशीच. तिच्या सालीची आतली पट्टी भिजवून, ठोकून, रुंद करून टापा हे कापड करतात. फिजी, टोंगा, सामोआत लग्नात, मयतात, मानपानात ते आजही लागते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने पॅसिफिकमधल्या या झाडाचा माग थेट दक्षिण तैवानपर्यंत नेला. दूरच्या बेटांवर त्याची जवळजवळ सगळी झाडे मादी आहेत, म्हणजे बी धरत नाही. कोंब लावत लावतच ते हजारो मैल पुढे सरकले.

माडाबद्दल लिहायचे तर पत्र पुरणार नाही. नारळ तरंगतो हे खरे, पण तोही बहुतांशी माणसांनीच नेला. सामोआत एक वृद्ध गृहस्थ सभागृहाच्या खांबाला टेकून काथ्या वळत बसलेले मी पाहिले. नारळाचे सोडण काही आठवडे समुद्राच्या पाण्यात कुजवायचे, बडवायचे, धुऊन वाळवायचे, मग मांडीवर धागे वळून तीन पदरी वेणी घालायची. बोलणे चालू असताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. जुनी घरे आणि होड्या याच दोरीने बांधत, एकही खिळा नसे. मी आयुष्यभर नट-बोल्ट आवळले, त्यामुळे ही बांधणी किती शहाणपणाची आहे हे मला लगेच कळले. खाऱ्या हवेत खिळा गंजतो, वाऱ्याच्या दणक्याने लाकूड फाडतो. दोरीची बांधणी जरा सरकते आणि पुन्हा जागेवर येते.

किरिबाती या प्रवाळबेटांच्या देशात माडाची पोय, म्हणजे न उमललेला तुरा, बांधून, सकाळ-संध्याकाळ तासून ताजी माडी काढतात. तासणारा माणूस शेंड्यावर बसून गातो, ते खाली लांबवर ऐकू येते. प्रवाळबेटावर माती नावापुरती, भाजीपाला जवळजवळ नाही. तिथे लहान मुलांना क जीवनसत्त्व मिळते ते या न आंबलेल्या माडीतून. आटवून तिचा काकवीसारखा पाक करतात, तोही टिकतो.

केवड्याच्या जातीची झाडे तिथे घराचे छप्पर, चटई आणि अन्न तिन्ही पुरवतात. जुन्या होड्यांची शिडेसुद्धा याच पानांची विणलेली. सामोआच्या बायका जी तलम चटई विणतात तिला महिने लागतात, कधी वर्षेही. ती अंथरायची नसते, द्यायची असते. 2019 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पर्यटन पुरवणीत तिच्यावर एक ओळ तरी हवी होती.

उंडी आणि पारोसा पिंपळ ही झाडे ताहितीत पूजास्थानांभोवती पवित्र म्हणून राखलेली असत. सुरूचे लाकूड इतके कठीण, की त्याच्या गदा होत आणि टापा ठोकायचे दांडेही. जंगली अक्रोडाची तेलकट बी झावळीच्या हिरावर ओवून दिव्यासारखी जाळत, तिच्या काजळीने गोंदत. हवाईने 1959 मध्ये त्याला राज्यवृक्ष केले.

आणि जे गेले त्याचेही लिहायला हवे. हवाईचे चंदन एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीसेक वर्षांत चीनमधल्या कँटनच्या बाजारासाठी तोडून जवळजवळ संपवले. सरदारांवरची कर्जे फेडायला सामान्य माणसांना शेती सोडून डोंगरात चंदन तोडायला जावे लागले. कोआ या तिथल्या बाभूळकुळातल्या झाडाच्या एकसंध खोडातून पूर्वी सागरी होड्या कोरत. 1990 च्या दशकात जुन्या पद्धतीची 'हवाईलोआ' ही होडी करायचे ठरले, तेव्हा जंगले धुंडाळूनही पुरेसे मोठे, निकोप कोआ मिळाले नाही. शेवटी अलास्कातल्या मूळ रहिवाशांनी स्प्रूस या सूचिपर्णी जातीची दोन प्रचंड झाडे दिली आणि त्यातून ती घडली. ज्या बेटांवर होड्या कोरायची परंपरा एवढी जुनी, तिथे होडीपुरते झाड उरू नये, हे वाचून मला फार वाईट वाटले होते.

आता प्रवाळबेटांवर गोड्या पाण्याचा जमिनीखालचा पातळ थर भरतीने खारट होतो आहे आणि नीरफणस वाळत आहेत. मारियाना बेटांकडच्या जातीशी संकर झालेले काही वाण खारेपणा जास्त सोसतात. माउई बेटावरच्या काहानू बागेत नीरफणसाचे सुमारे दीडशे वाण जपले आहेत आणि 2003 पासून नीरफणसासाठीची खास संस्था त्यांच्यावर काम करते आहे. कोणता वाण कोणत्या बेटावर तगेल, यावर तिथल्या गावांचे पुढचे जगणे ठरणार आहे. या कामावर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा आणि त्यात झाडांची नावे तिथल्या लोकांच्या भाषेतही द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज अभियंता