बाटल्या उडवण्याआधी बर्फ भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालाच्या सुमारास आपल्या करिअर पुरवणीत बारटेंडरवर अर्धं पान आलं. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटलीच्या मतदानाला बायाबापड्या रांगा लावतात अशा सातारा जिल्ह्यात आमच्या कामाला कुणी करिअर म्हटलं, याचं कौतुकच वाटलं. पण फोटो होता हवेत बाटल्या उडवणाऱ्या पोराचा आणि मजकूर क्रूझवरच्या पगाराचा. मधली वाट गायब. मी पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत बारमागेच वाढलो, म्हणून हे लिहितोय.

नवा पोरगा आधी हेल्पर असतो. क्रेट उचलायचे, लिंबं कापायची, ग्लास धुऊन, पुसून, उजेडात धरून बघायचे. आणि बर्फ भरायचा. बर्फ स्कूपनंच घ्यायचा, घाई कितीही असो, ग्लास बर्फात घालायचा नाही. काठाची कपची उडाली तर बर्फात काच दिसत नाही. मग सगळा बर्फ फेका, डबा गरम पाण्यानं धुवा, नव्यानं भरा, आणि समोर शनिवारची गर्दी उभी! ही शिस्त अंगात मुरली की वस्ताद पेग मेजर, म्हणजे दारू मोजायचं माप, हातात देतो.

मग हिशेब. ७५० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे २५ पेग. ओळखीचा माणूस 'जरा सढळ हातानं भर की' म्हणतो, आणि रात्री स्टॉक मोजताना २४च निघतात. माझ्या पहिल्या हॉटेलात अशी तूट आणि फुटलेला ग्लास, दोन्ही पगारातून वळते व्हायचे. विचारायची सोय नव्हती.

क्लासचंही एक सांगतो. ओळखीतला एक पोरगा शहरात भरमसाट फी भरून बाटल्या फेकायला शिकून आला. पण डाकिरी या कॉकटेलमध्ये लिंबाचा रस असतो म्हणून ती शेक करायची आणि मार्टिनी हे कॉकटेल नुसतं ढवळायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चवीचंही तसंच. मी पीत नाही, तरी चव घ्यावीच लागते. स्ट्रॉ बुडवायची, वरचं टोक बोटानं दाबायचं, दोन थेंब जिभेवर. स्ट्रॉबेरी कधी आंबट लागते, कधी गोड. त्यामुळं साखरेचा पाक रोज चव बघूनच घालावा लागतो, हे कुठल्या सर्टिफिकेटवर लिहून येत नाही.

सगळ्यात अवघड काम म्हणजे नाही म्हणणं. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पुरी लागतात. मिसरूड फुटलेल्या पोराकडं, तेही त्याच्या मित्रांदेखत, आधार कार्ड मागायचं म्हणजे शिव्या ठरलेल्या. त्याहून वाईट म्हणजे गाडीची किल्ली टेबलावर ठेवून 'शेवटचा एकच' म्हणणारा. त्याला रात्री पसरणीचा घाट उतरून वाईला जायचं असतं. अशा वेळी मी लिंबू सोडा पुढं करतो आणि मॅनेजरला हाक मारतो. कधी टिप जाते, जाऊ द्या.

मुलींना जमेल का, असं मला आमच्याकडं ट्रेनिंगला आलेल्या एका मुलीनं विचारलं होतं. दिल्लीत लागू असलेल्या जुन्या कायद्यात बायकांना आणि २५ वर्षांखालच्या पुरुषांना दारू दिली जाते तिथं कामालाच बंदी होती. त्यातली बायकांवरची बंदी हायकोर्टानं मोडीत काढली आणि सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये तो निकाल कायम ठेवला. काम जमतंच. अडचण रात्री सुटल्यावर खोलीवर जायची असते, आणि ती हॉटेलनं सोडवायची असते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत पगाराचा आकडा जरा खाली सरकवा. त्याच्या वर हे छापा: नेमणूकपत्र मिळतं का, पीएफ भरतात का, टिप कशी वाटली जाते, तूट कुणाच्या माथी मारतात, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावलं की हंगामी पोरांना घरी धाडतात का. पोरांनी पहिल्या दिवशी हेच विचारावं.

पत्राखाली नाव छापू नये. वडील माळकरी आहेत, पण त्यांना सगळं ठाऊक आहे, त्यांची अडचण नाही. धाकट्या बहिणीचं लग्न जमायचंय.

आपला,
एक बारटेंडर, ता. वाई, जि. सातारा