तळाला खरपूस, वरून मऊ: बार्शीच्या मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. डम्पलिंग (पारीत सारण भरून मुरडलेले चिनी-जपानी नग) तव्याला चिकटतात, पारी फाटते आणि सारणाचं पाणी तेलात उतरून सगळा लगदा होतो, असं लिहिलं आहेस. तक्रारी तीन दिसल्या तरी दुखणं एकच आहे, पाण्याचं. पिठात किती घातलं, कोबीत किती उरलं आणि तव्यातलं कधी संपलं, एवढं हातात आलं की हा पदार्थ मुळीच अवघड नाही. म्हणून सगळं बैजवार लिहितो. प्रमाण ४० नगांचं आहे, चौघांचं पोटभर होतं.

आधी पीठ. ३०० ग्रॅम मैदा चाळून त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घाल. १५० मिली पाणी खळखळून उकळव आणि उकळतं असतानाच बारीक धारेनं मैद्यावर ओत. दुसऱ्या हातानं उलथन्याच्या दांड्यानं ढवळत राहा. आधी नुसत्या गुठळ्या दिसतील, पीठ कोरडं वाटेल, आणि इथेच बहुतेक जण घाईनं अजून पाणी ओततात. ओतू नकोस. पाच मिनिटं झाकून ठेव, हाताला सोसवेल इतकं निवलं की मळायला घे. तेव्हाही कोरडं वाटलं तर गार पाणी एकेक चमचा करून घाल, दोन चमच्यांच्या वर सहसा लागत नाही. आठ-दहा मिनिटं मळ, ओल्या फडक्याखाली पाऊण तास मुरू दे, मग पुन्हा दोन मिनिटं मळ. दुसऱ्या मळणीत ते एकदम गुळगुळीत होतं.

उकळतंच पाणी का, असं विचारलं आहेस. त्या उष्णतेनं मैद्यातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, शिवाय ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाची, ओढ कमी होते. त्यामुळे लाटलेली पारी मागे आक्रसत नाही, पातळ लाटता येते आणि शिजल्यावर मऊ राहते. गार पाण्यात भिजवलेलं पीठ पाण्यात उकडायच्या डम्पलिंगला चांगलं, कारण तिथे ताकद लागते. तव्यावर तेच चिवट लागतं. तुझी पारी लाटताना मागे येत होती ती यामुळेच.

ज्वारीचं करता येईल का, हा प्रश्न बार्शीहून येणारच. निव्वळ ज्वारीचं नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पारी पातळ लाटली की मुरड घालताना तडकते. पण ७५ ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि २२५ ग्रॅम मैदा चालतो. पारी जरा जाड ठेवायची आणि निऱ्या कमी घालायच्या. तळ मात्र फार सुरेख खरपूस होतो. कणकेचीही होतात, त्याला पाणी थोडं जास्त लागतं.

आता सारण. वहिनी मांसाहार करत नाहीत म्हणून आधी शाकाहारी देतो. ४०० ग्रॅम कोबी, १५० ग्रॅम पनीर, मध्यम आकाराचं एक गाजर, मूठभर कांद्याची पात, इंचभर आलं, सहा-सात लसूण पाकळ्या. कोबी सुरीनं बारीक चिर. किसू नकोस आणि मिक्सरलाही लावू नकोस, नाहीतर त्याचा चोथा होतो. चिरलेल्या कोबीला एक चहाचा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेव, मग फडक्यात घालून जीव लावून पीळ. निदान अर्धी वाटी पाणी निघालं पाहिजे. निघालं नाही तर कोबी अजून भरलेलाच आहे, पुन्हा पीळ. हे पाणी आत्ता बाहेर आलं नाही तर पारीच्या आत येतं, तळ भिजवतं, आणि भिजलेला तळ तव्यावर ठेवला की चिकटलाच. पिळायला सुती पंचा घे. सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही, पण टर्किश टॉवेलचे धागे कोबीत उतरतात, तो या कामाचा नाही.

पिळलेल्या कोबीला आधी एक मोठा चमचा तेल चोळ आणि मगच एक मोठा चमचा सोया सॉस, पांढरी मिरपूड आणि चिमूटभर साखर घाल. हा क्रम मोडू नकोस. तेलाचा थर बसला की सोया सॉसच्या मिठानं कोबीला पुन्हा पाणी सुटायचं प्रमाण कमी होतं. वरून वेगळं मीठ घालू नकोस, कोबीतलं आणि सोया सॉसमधलं पुरतं. पनीर कुस्करून, गाजर किसून, पिळून, सगळं एकत्र कर आणि शेवटी दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरव. एक चमचा सारण तव्यावर परतून चाखून बघ. भरून झाल्यावर मीठ सुधारता येत नाही.

तिळाच्या तेलाबद्दल. चिनी-जपानी स्वयंपाकात जे वापरतात ते भाजलेल्या तिळाचं, गडद आणि उग्र वासाचं तेल. आपल्याकडचं घाण्याचं तेल न भाजलेल्या तिळाचं असतं, त्याला तो वास नाही. भाजलेल्या तिळाचं मिळालं नाही तर दोन चमचे पांढरे तीळ चांगले तांबूस भाजून खलबत्त्यात जाडसर कुटून सारणात घाल. मला तर हेच जास्त आवडतं.

तुझ्यासाठी चिकनचं: ३०० ग्रॅम खिमा (मांडीचा घे, छातीचा कोरडा पडतो), २०० ग्रॅम कोबी वरच्यासारखाच पिळून, पात, आलं, लसूण, एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा चमचा मीठ. कोबी घालायच्या आधी खिम्यात तीन मोठे चमचे गार पाणी एकेक करून घाल आणि एकाच दिशेनं जोरात फेटत राहा, खिमा चिकट आणि लकाकता होईपर्यंत. मीठ आणि घुसळणं यांनी मांसातली प्रथिनं सुटतात आणि ते पाणी बांधून ठेवतात. कोबीतलं मोकळं पाणी वाईट, पण हे बांधलेलं पाणी हवंच, त्यानंच सारण रसरशीत राहतं. मग अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, थंड सारण भरायला सोपं जातं.

पीठ लांब वळून ११-११ ग्रॅमच्या लाट्या कर. पहिल्या चार-पाच वजन करून घे, मग नजर बसते. पारी ९ सेंटिमीटरची लाट, मध्यभाग जाड आणि कडा पातळ. एका हातानं पारी फिरवत दुसऱ्या हातानं लाटणं कडेपासून निम्म्यापर्यंतच न्यायचं. मधला भाग जाड हवा कारण तोच तव्यावर टेकतो, आणि कडा पातळ हवी कारण निऱ्यांत तिचे पदर साचतात. जाड कडेचे पदर कच्चे राहतात आणि दाताखाली पीठ लागतं. एका वेळी आठ-दहाच पाऱ्या लाट आणि झाकून ठेव. आपल्याकडची मार्च-एप्रिलमधली कोरडी हवा पारीची कड पाच मिनिटांत सुकवते, आणि सुकलेली कड चिकटत नाही.

वहिनींना करंजीची मुरड येते, तेव्हा भरायचं काम त्यांच्याकडे दे आणि तू लाटायला बस. मध्ये १३ ग्रॅम सारण, कडेला बोटानं किंचित पाणी, अर्धगोल घडी. मागची कड सरळच ठेवायची, पुढच्या कडेला पाच-सहा निऱ्या घालून मागच्या कडेवर दाबायच्या. सगळ्या निऱ्या एकाच बाजूला असल्या की नग आपोआप चंद्रकोरीसारखा वळतो आणि ताटात टेकवला की नीट बसतो. तो जरा दाबूनच टेकव, तळ सपाट झाला पाहिजे. घडी घालताना आतली हवा काढून टाक, नाहीतर वाफेनं फुगून शिवण उसवते. कडेला सारणाचं तेल लागलं तर तो भाग काही केल्या चिकटत नाही. म्हणून सारणाचं बोट वेगळं आणि मुरडीचं वेगळं.

भरलेले नग तांदळाची पिठी भुरभुरलेल्या ताटात सुटे सुटे ठेव आणि अर्ध्या तासात तव्यावर जाऊ दे. जास्त वेळ ठेवले तर खालची पारी ओलावते, आणि उचलताना तळ ताटातच राहतो.

आता तवा. भाकरीचा खोलगट लोखंडी तवा इथे चालत नाही. पाणी मध्यभागी जमतं, कडेचे नग कोरडे राहतात आणि मधले शिजून फुटतात. सपाट बुडाचा २४ सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन किंवा चांगला मुरलेला बिडाचा डोशाचा तवा घे, त्याला घट्ट बसणारं झाकण हवं. काचेचं असेल तर उत्तम.

मध्यम आचेवर दीड मोठा चमचा तेल तापव. १४-१५ नग एकमेकांना न चिकटवता ठेव आणि दोन मिनिटं हलवू नकोस. एक उचलून बघ, तळ फिकट बदामी दिसला की आच कमी कर. डाव्या हातात झाकण ढालीसारखं धर आणि १०० मिली गरम पाणी कडेनं ओतून लगेच झाक. गरम तेलात पाणी पडलं की उसळी येतेच, त्यामुळे मुलांना तेवढा वेळ ओट्यापासून लांब ठेव. पाणी नगांच्या उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत यायला हवं. पुन्हा मध्यम आच, शाकाहारी सहा मिनिटं, चिकन आठ.

यापुढे घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेव. सुरुवातीला झाकणाखाली मोठे बुडबुडे रटरटतात. मग स्टार्चनं पाणी दाटतं, फेस पांढुरका होतो, आवाज जड आणि मंद येतो. पाणी संपत आलं की अचानक बारीक, कोरडी तडतड सुरू होते, ती तेलाची. त्या क्षणी झाकण काढ, आणि काढताना पलीकडे तिरकं कर म्हणजे झाकणावरचं पाणी तेलात पडणार नाही. तव्यात पाणी आहे तोवर तळाचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि तांबूस रंगाला साधारण १४० लागतात. म्हणून खरपूसपणा शेवटच्या दोन मिनिटांतच येतो. तुझे नग चिकटले ते याच जागी. तू तडतड सुरू व्हायच्या आधीच ते सोडवायला गेलास. कवच धरलं की तळ आपला आपण सुटतो. तरीही चिकटला तर गॅस बंद करून एक मिनिट थांब, आतल्या वाफेनं तो सैल होतो. उलथनं घालून ओरबाडू नकोस.

जपानमध्ये खालून जाळी आलेले ग्योझा (हेच तव्यावरचे डम्पलिंग) देतात, ती हवी असेल तर साध्या पाण्याऐवजी १०० मिली पाण्यात दोन चहाचे चमचे मैदा, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक चमचा तेल मिसळून ओत. ओतण्याआधी ढवळ, पीठ तळाशी बसतं. झाकण काढल्यावर जाळी तांबूस व्हायला चार-पाच मिनिटं लागतात, मग ताट उपडं ठेवून पॅन पालथा कर. हे नॉनस्टिकवरच कर. हामामात्सु शहरात ग्योझा गोल मांडून मध्ये लांब मोड आलेले उकडलेले मूग ठेवतात. तेलकटपणावर तो उतारा छान आहे, आणि मोड आणायला आपल्याला कुठे जावं लागत नाही.

सोबतीला बाटलीतली लाल चटणी आणू नकोस. सोलापूरची शेंगा चटणी घरात आहे ना? दोन मोठे चमचे शेंगा चटणीवर एक मोठा चमचा कडकडीत तेल घाल. ती फसफसून शांत झाली की एक चहाचा चमचा सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, सुपारीएवढा गूळ आणि दोन मोठे चमचे कोमट पाणी घालून कालव. चटणीत मीठ आहेच, म्हणून सोया सॉस हात राखून. दाण्याचा खमंगपणा आणि व्हिनेगरचा आंबटपणा या तळाबरोबर इतका जुळतो की दुसरं काही लागत नाही. चटणी कुटलेली घे. मिक्सरची पीठ झालेली असेल तर पाणी घातल्यावर तिची पेस्ट होते.

उरलेले कच्चे नग पिठी भुरभुरलेल्या ताटात सुटे मांडून दोन तास फ्रीझरमध्ये कडक कर, मगच पिशवीत भर. महिनाभर छान राहतात. करताना वितळू द्यायचे नाहीत, थेट तेलात ठेवायचे, पाणी १२५ मिली आणि झाकून नऊ-दहा मिनिटं. लाइट जाऊन वितळले असतील तर पुन्हा गोठवू नकोस, आत ओल सुटून पारी गळते. अजून थंड असतील तर त्याच दिवशी करून टाक, चिकनचे कोमट झाले असतील तर सरळ टाकून दे.

पहिल्यांदा शाकाहारीच कर आणि तळाचा रंग कसा आला ते कळव. कोबीतून किती पाणी निघालं तेही मोजून लिही, बाकी काही बिघडलं तर त्यावरूनच सांगता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद