बाबांच्या काढ्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, काढ्याच्या पाकिटाचा फोटो मिळाला. मागची बाजूही पाठवलीत ते बरं केलंत, कारण पुढे नुसता लाल बदाम आणि 'हृदयरक्षक' एवढंच आहे. मागे बारीक अक्षरांत अर्जुनसाल, पुनर्नवा, दालचिनी, जेष्ठमध. फोनवर या विषयाचं भांडणच होतं, म्हणून लिहितेय.

अर्जुनाला मी नावं ठेवणार नाही. आमच्याच विभागात त्याच्या सालीच्या अर्कावर काम चालतं. पांढऱ्या उंदरांना आधी काही आठवडे तोंडावाटे अर्क देतात, मग लागोपाठ दोन दिवस आयसोप्रोटेरेनॉलचं इंजेक्शन. त्याने हृदय इतकं पळतं की स्नायूच्या पेशी मरायला लागतात आणि त्यांच्यातलं सीके-एमबी नावाचं एन्झाइम रक्तात उतरतं. अर्क मिळालेल्या उंदरांत ते कमी निघतं. काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की डोळ्यांनाही फरक दिसतो. नुसतं इंजेक्शन मिळालेल्यांचे स्नायूंचे धागे तुटलेले, मधे सूज. अर्कवाल्यांचे बऱ्यापैकी शाबूत.

पण त्या उंदराला अर्क मिळतो तो इजा होण्याआधी, आणि त्याच्या रक्तवाहिन्या मुळात स्वच्छ असतात. तुमची वाहिनी चोंदली होती, आत आता स्टेंटची जाळी आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन आहे. ते काम सालीच्या भरवशावर सोडता येत नाही. माणसांवरचंही सांगते. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना दिल्लीच्या एम्समध्ये 12 आठवडे हा अर्क दिला होता, निष्कर्ष 2016 साली छापून आले. हृदयाची पंपिंगची ताकद काही वाढली नाही. रुग्णांना हिंडाफिरायला थोडं बरं वाटलं, तेही कमी नाही म्हणा.

"तुम्हाला आपल्या झाडपाल्याचं वावडं," असं तुम्ही म्हणालात ते मात्र लागलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि ती मुळी जगभर पोचली. आम्ही विद्यार्थ्यांना हे अभिमानाने शिकवतो. पण त्यांनी रुग्णांचे आकडे मोजून ठेवले होते, ग्रुपवर फॉरवर्ड केलं नव्हतं. आणि झाडपाल्याने अपाय होत नाही म्हणाल, तर फाटकाजवळची पिवळी बिट्टी आठवा. तिच्या बियांतलं द्रव्य थेट हृदयावर चालतं आणि माणूस दगावतो.

मला खरी काळजी जेष्ठमधाची आहे. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळली तर काही नाही. रोज दोन वेळा काढ्यातून गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुमची लघवीची गोळीसुद्धा पोटॅशियम उतरवणारीच आहे. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हे पाकीट आजपासून बंद.

अर्जुनसाल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, एकटी आणा. आजी करायची तसा क्षीरपाक आई करेल, भरड साल दूध-पाण्यात घालून पाणी आटेपर्यंत उकळायची. पण गोळ्यांच्या जोडीने, गोळ्यांऐवजी नाही. "सकाळची गोळी कधीतरी राहते," असं आई हळूच बोलून गेली. बाबा, ती राहायला नको.

आई, तू त्यांना उपाशीपोटी कच्चा लसूण देतेस तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना त्याचा जास्त मारा नको. हातावर काळेनिळे डाग दिसतात का, बघ. पुढच्या तपासणीला हे पाकीट फाइलबरोबर पिशवीत टाक. बाबा ते विसरल्याचं नाटक करतील, तू करू नकोस.

पोटॅशियमचा रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठवा.

तुमची,
लेक