बाबा, मॅग्नेशियमचा डबा तूर्त उघडू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, शेजारच्या काकांनी आणून दिलेल्या डब्याचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते. आईला वाचून दाखवा, यात तिच्याही कामाचं आहे.

मॅग्नेशियम कमी पडलं की साखर आवरत नाही, हे काकांचं म्हणणं खोटं नाही. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचायला मॅग्नेशियम लागतं. ते कमी असलं की इन्सुलिन असूनही साखर रक्तातच फिरत राहते. उलटंही घडतं: साखर चढली की लघवी जास्त होते आणि तिच्यासोबत मॅग्नेशियम वाहून जातं. तुमची तीन महिन्यांची साखर ८.४ आली होती, रात्री सारखं उठावं लागतं असंही म्हणालात. म्हणजे तुमचं मॅग्नेशियम कमी असू शकेल, हे मला पटतं.

तरी डबा उघडू नका म्हणते, ते तुमच्या किडनीसाठी. मागच्या वर्षीच्या रिपोर्टात लघवीतून प्रथिनं जात असल्याचं आलं होतं. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ती धड असली तर फार तर जुलाब होतात. ती थकलेली असली तर मात्र ते अंगात साठतं: हातपाय गळतात, बीपी उतरतं, नाडी मंदावते, आणि फारच वाढलं तर श्वासावर येतं. त्यामुळे आधी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर बघायचा, म्हणजे किडनी किती काम करते ते रक्तातून सांगणारे आकडे. ईजीएफआर ३०च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही गोळी घ्यायचीच नाही.

दुसरं, तुमच्या औषधांच्या पिशवीकडे बघा. सकाळी उपाशीपोटी घेता ती पित्ताची गोळी, पॅन्टोप्राझोल, किती वर्षं चालू आहे? या जातीच्या गोळ्या वर्षाच्या वर घेत राहिलं तर रक्तातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०११ मध्ये दिला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात मॅग्नेशियम देऊनही भागलं नाही, पित्ताची गोळीच बंद करावी लागली. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, असेल तर त्यानंही मॅग्नेशियम जातं. भोक तसंच ठेवून रांजण भरण्यात काय अर्थ? पण यातली एकही गोळी मनानं बंद करू नका. पिशवी तशीच उचलून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, पित्ताची गोळी अजून लागते का.

तळपायाच्या मुंग्यांचं खापर मॅग्नेशियमवर फोडू नका. मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होतं, त्यानंही मुंग्या येतात. म्हणून परभणीला जाल तेव्हा क्रिएटिनिन, मॅग्नेशियम आणि बी-१२ एकाच वेळी तपासून घ्या. रक्तात मॅग्नेशियम साधारण डेसिलिटरला १.७ ते २.२ मिलिग्रॅम असतं. मात्र अंगातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं, बाकीचं हाडांत आणि स्नायूंत. त्यामुळे आकडा काठावर आला तरी डॉक्टरांना नक्की दाखवा.

समजा, मॅग्नेशियम खरंच कमी निघालं आणि किडनी धड असली. मग गोळी जरूर घ्या, मीच आणून देईन. ज्यांच्यात कमतरता होती त्यांची उपाशीपोटीची साखर गोळ्यांनी थोडी उतरली, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. कमतरता नसताना साखरेसाठी म्हणून गोळी घ्यायचा सल्ला अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही देत नाही. डब्यावरच्या आकड्यानंही फसू नका. ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण त्यात मॅग्नेशियम १४० च्या घरात. ऑक्साइडच्या गोळीत ते भरपूर, पण अंगी कमी लागतं आणि पोट बिघडवतं.

आई, आता तुझं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून बाबा तुलाही यातली एक गोळी देणार म्हणतात, आणि तीही पहाटेच्या थायरॉइडच्या गोळीबरोबर. तसं करू नकोस. मॅग्नेशियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. शिवाय वयस्कर माणसांच्या पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणावा असा उपयोग दिसलेला नाही. झोपण्याआधी पोटऱ्या ताणून बघ. तुझा त्रास मी डॉक्टरांना वेगळा सांगणार आहे.

जेवणातून मिळणारं मॅग्नेशियम किडनी धड असलेल्याला बाधत नाही, आणि ते आपल्याकडे किती आहे! माळदांडी ज्वारीत शंभर ग्रॅमला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, जवस आणि तिळात त्याच्या दुपटीहून जास्त. मैद्यात आणि पांढऱ्या भातात जेमतेम वीस-तीस. रेशनच्या गहू-तांदळानं घरातली भाकरी एका वेळेवर आली, याचं मला फार वाईट वाटतं. रात्रीच्या भाताऐवजी भाकरी, सोबत कारळाची किंवा जवसाची चटणी, तुरीचं वरण, कण्या घालून अंबाडीची भाजी, एवढं करा. भाकरीनंही साखर चढते, म्हणून भाताच्या जागी, भाताच्या जोडीला नको. बाबा, खारी आणि टोस्ट मात्र आता सोडा.

आणि हो, बोअरच्या जड पाण्यात मॅग्नेशियम असतं, आरओमध्ये ते निघून जातं हे खरं. पण तेवढ्यासाठी पुन्हा बोअरचं पाणी पिऊ नका. त्यात फ्लोराइड-नायट्रेटही असू शकतं.

रिपोर्ट आले की सगळ्या पानांचे फोटो पाठवा. डॉक्टरांकडे बसाल तेव्हा मला फोन लावा, जे विचारायचं ते मीच विचारीन.

तुमची,
माई